ताकोत्सुबोची कुळकथा

जपानी कोळी ऑक्टोपस धरायला जे मडके समुद्रात सोडतात त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तोंड अरुंद, पोट गोल. हिरोशिमाचे डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे नाव एका हृदयविकाराला दिले. रुग्णाच्या छातीत दुखायचे, ईसीजी झटका आल्यासारखा दिसायचा, पण अँजिओग्राफीत रोहिण्या मोकळ्या. डाव्या जवनिकेत रंगद्रव्य सोडले की पडद्यावर नेमका तो मडक्याचा आकार उमटे: तळाचा भाग जोराने आकसतो आहे आणि टोकाकडचा निपचित, फुगलेला. काही आठवड्यांनी तपासावे तर हृदय पूर्ववत. हा आजार असा चित्रावरून ओळखला गेला, आणि त्याच्याविषयीच्या गाफीलपणाचे मूळ मला तिथेच दिसते. आकार सुधारला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे धरले गेले. पुढे मानसिक धक्क्याशी त्याचे नाते जोडले गेले. २००४ च्या जपानमधील निगाता भूकंपानंतर असे रुग्ण वाढले. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतर आलेल्या १९ रुग्णांपैकी तपासलेल्या १३ जणांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांची पातळी फार चढलेली दाखवली. त्यातून दुःखाने मोडलेल्या आणि लवकरच सावरणाऱ्या हृदयाची गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली.

२०१५ मध्ये नऊ देशांतल्या १,७५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि या गोष्टीला तडा गेला. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, श्वसनाचे आजार अशी शारीरिक कारणे ३६ टक्क्यांत, तर भावनिक कारणे जेमतेम २८ टक्क्यांत. पुढच्या काळात शंभर रुग्णांमागे वर्षाला साधारण साडेपाच मृत्यू. अमेरिकेतल्या नोंदींत घरी गेलेल्या शंभरांपैकी सुमारे बारा जण महिन्याभरात पुन्हा भरती झालेले दिसतात, आणि त्यांत हार्ट फेल्युअर हे ठळक कारण आहे. यावर आक्षेप येतो की हे मृत्यू मुळातल्या आजारांचे आणि वयाचे, त्यात हृदयाचा काय दोष? आक्षेपात तथ्य आहे. भावनिक धक्क्याने आजारी पडलेल्यांचे भवितव्य शारीरिक कारणवाल्यांपेक्षा चांगलेच असते. पण २०१८ मध्ये ॲबर्डीनच्या संशोधकांनी वय, लिंग आणि इतर आजार सारखे असलेली माणसे शेजारी ठेवून तुलना केली, तेव्हा आजाराला वर्ष उलटून गेलेल्यांच्या हृदयस्नायूतही ऊर्जेची तूट आढळली, आणि बहुतेकांची लक्षणे सरलेली नव्हती. इकोतली पंपिंगची टक्केवारी मात्र ठीक होती! धाप लागते म्हणून आलेल्या बाईला ‘इको नॉर्मल आहे, काळजी करू नका’ असे सांगून परत पाठवणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: खात्रीचे औषध नसताना रुग्णांना पुढच्या तपासण्यांसाठी वारंवार बोलावून साधायचे काय? २०१५ च्या त्याच मोठ्या नोंदीत बीटा ब्लॉकरने जगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. एसीई इनहिबिटर गटातल्या औषधांशी वाढीव प्रमाण जोडलेले दिसले, पण नोंदीतला असा संबंध म्हणजे पुरावा नव्हे. तरीही हार्ट फेल्युअरची सुरुवात वेळेवर हेरता येते आणि तिच्यावर उपचार आहेत. शारीरिक कारणाने आलेल्या रुग्णाच्या मूळ आजाराचा पाठपुरावा तर करावाच लागतो. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख हवी, आणि त्या तारखेला इकोच्या बरोबरीने जिना चढताना दम लागतो का, हेही विचारायला हवे.