रूळ पाहणारा आणि गाडी थांबविणारा

रेल्वेचा अपघात झाला म्हणजे वर्तमानपत्रांत पहिल्या दिवशी मृतांचा आकडा येतो, दुसऱ्या दिवशी चौकशीची बातमी येते, आणि पुढे कधीतरी एखाद्या गँगमनला निलंबित केल्याची ओळ आतल्या पानावर छापली जाते. इतिहास वाचणाऱ्याने मात्र मागे जावे. रूळ मोडण्यापूर्वी तो कोणी पाहिला होता, त्याने कोणाला सांगितले, आणि ऐकणाऱ्याने काय केले, हे विचारावे. विलायतेतील एका प्रकरणाला आम्ही आज हेच विचारणार आहोत. कामगार संघटनेत हयात घालविलेल्यांचे उत्तर आधीच ठरलेले असणार, असे कोणास वाटेल. त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत थांबावे.

आपल्याकडे रूळमार्गावर कीमन नावाचा कामगार असतो. नेमून दिलेल्या टापूतून तो रोज पायी जातो, सैल झालेल्या किल्ल्या हातोड्याने बसवितो, बोल्ट आवळतो, रुळाला कोठे भेग दिसते का ते पाहतो. दिसलेला दोष वर कळविणे हे त्याचे कामच आहे. परंतु धोका तातडीचा असेल तर कोणाची परवानगी न मागता लाल निशाण लावून आणि रुळावर फटाके बसवून त्याने गाडी थांबवावी, असा नियम आहे. ब्रॉडगेजवर हे फटाके १२०० मीटर अलीकडे लावतात, कारण भरधाव गाडीला थांबायला तेवढी जागा लागते. पाहणे, कळविणे आणि थांबविणे ही तिन्ही कामे अशी एकाच माणसाच्या झोळीत आहेत.

ब्रिटनमध्ये १९९४ पासून सरकारी रेल्वेची वाटणी सुरू झाली. रूळ, पूल, सिग्नल रेलट्रॅक या कंपनीकडे गेले, आणि १९९६ साली तिचे शेअर बाजारात आले. गाड्या चालविणाऱ्या कंपन्या निराळ्या. रुळांची देखभाल ठेकेदाराकडे, आणि जुने रूळ काढून नवे घालण्याचे काम पुष्कळदा आणखी दुसऱ्याच ठेकेदाराकडे. भाऊबंदकीत विहीर एकाकडे, मोट दुसऱ्याकडे आणि बैल तिसऱ्याकडे जावेत, तसला हा प्रकार!

लंडनच्या उत्तरेस हॅटफील्डजवळ एक वळण आहे. तेथे बाहेरच्या बाजूच्या रुळावर, चाकाची कड जेथे घासते त्या कोपऱ्यात, बारीक भेगा पडल्या होत्या. चाकांच्या सततच्या दाबाने पोलाद थकते, तेव्हा अशा भेगा पडतात. रुळाचे पोट ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासतात. पण वरच्या भेगांवरूनच लहरी परतल्या की खालची खोल भेग यंत्राला कळत नाही. तरी हा रूळ खराब आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते, असे मुळीच नाही. भेगांची नोंद कित्येक महिने आधी झाली होती. रूळ बदलावयाचा हेही ठरले होते. बदलण्याचा मुहूर्त पुढे पुढे जात राहिला, आणि तोवर येथे गाडी हळू चालवा, एवढा साधा हुकूमही कोणी काढला नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने त्या वळणावर आली. रुळाचे ३०० हून अधिक तुकडे झाले. ४ माणसे दगावली, ७० हून अधिक जखमी झाली.

हा हुकूम का निघाला नाही? गाडीला उशीर झाला तर मिनिटामिनिटाचा हिशेब करून, ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने भरपाई द्यावी, अशी करारांची रचना होती. रुळाच्या मालकाने वेग उतरविला की त्याच्याच खिशाला चाट बसे. एवढेच कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. भेगांविषयीचे अज्ञानही होते. पण अपघातानंतर देशभर हजाराहून अधिक ठिकाणी वेग उतरविण्याचे हुकूम निघाले आणि कित्येक महिने गाड्या रखडत चालल्या. हुकूम काढता येत होता, हे तेव्हा सिद्ध झाले!

पुढची हकीकत याच मार्गावरची, पॉटर्स बार स्टेशनाची. १० मे २००२ रोजी तेथे सांध्याचे नट सैल होऊन गाडी घसरली आणि ७ जणांचा बळी गेला. आदल्या संध्याकाळी रेल्वेचाच एक कामगार त्या मार्गाने प्रवास करीत होता. डबा विलक्षण हादरतो आहे हे ओळखून त्याने ते कळविले. तपासणीस माणसेही पाठविण्यात आली. पण निरोप या तोंडून त्या तोंडी जाताना गोंधळ झाला आणि ती स्टेशनाच्या भलत्याच टोकाला जाऊन पाहून आली. तेथे अर्थातच काही सापडले नाही.

हॅटफील्डचा खटला २००५ साली चालला. मनुष्यवधाचे आरोप टिकले नाहीत, कारण कंपनीला दोषी धरण्यासाठी तिच्या वरिष्ठांपैकी एका माणसावर तो दोष सिद्ध व्हावा लागे. अधिकारी निर्दोष सुटले. देखभालीचा ठेका असलेल्या बॅल्फर बीटी कंपनीस १ कोटी पौंड दंड झाला, तो अपिलात ७५ लाखांवर आला. रेलट्रॅकची जागा घेणाऱ्या नेटवर्क रेलला ३५ लाख पौंड झाला. कंपनीलाच मनुष्यवधासाठी जबाबदार धरणारा नवा कायदा २००७ साली झाला. त्याआधीच, २००३ साली, नेटवर्क रेलने देखभाल ठेकेदारांकडून काढून आपल्या नोकरांकडे घेण्याचे ठरविले होते.

एवढ्यावरून ठेकेदार गेला की धोका गेला, असे मानण्याचा मोह आमच्यासारख्यांना होतो. त्यांनी खतौली आठवावी. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात या ठिकाणी उत्कल एक्सप्रेस घसरली आणि २३ जण मेले. तेथे रुळाचे मालक, दुरुस्ती करणारे आणि गाडी चालविणारे एकाच सरकारी रेल्वेचे होते. रुळाची दुरुस्ती चालू असताना गाडी वेगात आली. त्या कामासाठी मार्ग बंद ठेवण्याची मुदत, जिला रेल्वेत ब्लॉक म्हणतात, मिळालेली नव्हती. रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, आपल्या कोकणचे, यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा देऊ केला. ब्लॉकची गोष्ट मात्र राजीनाम्यांच्या बातम्यांत मागे पडली. गर्दीच्या मार्गावर तो मिळविणे किती जिकिरीचे असते, हे कोणत्याही गँगच्या मुकादमास विचारावे. ब्लॉक मागते ते रूळ सांभाळणारे खाते. देते ते गाड्या चालविणारे खाते, आणि त्या खात्याची परीक्षा होते ती गाड्या वेळेवर पोचल्या की नाही यावर.