वाडीची रेषा

किर्लोस्करवाडीचे नाव निघाले की नांगर आठवतो, पंप आठवतो. परंतु चेहरा नसलेल्या कल्पनेला रेषेत पकडण्याची विद्या मराठी वाचकांच्या घरोघरी नेण्यात सांगली जिल्ह्यातील या वाडीचा मोठा वाटा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी राहिलेले नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले ते चित्रकार होण्यासाठी. पण रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस नीट उमगेना, तेव्हा रंगचित्रांचा नाद सोडून ते यंत्ररेखनाकडे वळले आणि पुढे तोच विषय शिकवू लागले. ही उणीव मला भाग्याची वाटते. यंत्ररेखनात छेदचित्र म्हणून एक प्रकार असतो : पंप मधोमध चिरला आहे असे मानायचे, कापलेल्या धातूवर तिरप्या समांतर रेघा ओढायच्या, आणि एरवी ओतीव बिडाआड दडलेली पोकळी उघडी करून दाखवायची. डोळ्यांना जे कधीच दिसणार नाही, ते येथे बुद्धीच्या साक्षीने काढावे लागते.

१९१० साली औंध संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने माजलेल्या माळावर लक्ष्मणरावांच्या कारखान्याची वसाहत उभी राहिली. तिला आश्रय देणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. परंतु त्यांचा जीव रमला तो रामायणासारख्या कथाप्रसंगांच्या चित्रणात. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीही चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते, तेही पंडित सातवळेकरांपाशी, लाहोरात. १९२० साली त्यांनी कारखान्याची बातमी देणारे 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले, तेच १९२९ साली 'किर्लोस्कर' झाले. पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले.

शंकररावांच्या व्यंगचित्रांच्या सदराचे नाव होते 'टाकाच्या फेकी', आणि ते मला फार अन्वर्थक वाटते. समोर बसलेल्या माणसाची हुबेहूब तसबीर काढायला शिकलेल्या हाताला व्यंगचित्रासाठी नव्याने शिकावे लागते, कारण हुंडा किंवा रूढी काही चित्रकारासमोर येऊन बसत नाही. वाचकाच्या रोजच्या वहिवाटीतलीच एखादी वस्तू, जाते, जोखड, उंबरठा, निवडायची आणि तिच्यावर विचाराचे ओझे लादायचे; ओझे कमी पडले तर ती नुसती वस्तू राहते, जास्त झाले तर चित्राखाली परिच्छेदभर खुलासा लिहावा लागतो.

त्यात छपाईचा काच निराळाच. जस्ताच्या रेषाठशात काळे किंवा कोरे एवढेच उमटते, अर्ध्या छटेला थारा नाही. टाक दौतीत बुडवायचा, काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यायची, आणि हात कागदावर उतरण्यापूर्वीच रेषा कोठे जाड होणार, कोठे तुटणार, याचा निर्णय झालेला असायचा. छेदचित्र काढणाऱ्या आरेखकाची शिस्तही नेमकी हीच होती, आणि त्याचे मेज याच वसाहतीत होते.