कामरानचे अनवाणी पाय आणि अनंगूंचा खडक

20 जुलै 1873 रोजी ऑस्ट्रेलियाच्या मधोमध उभ्या असलेल्या एका प्रचंड तांबड्या खडकावर दोन माणसं चढली. एक होता सर्वेक्षक विल्यम गॉस. दुसरा त्याच्या मोहिमेतला मुसलमान उंटवाला, कामरान. दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचं नाव गॉसने त्या खडकाला दिलं आणि 'एअर्स रॉक' जगाच्या नकाशावर आला. कामरानचं नाव त्या मोहिमेत एका पाणवठ्याला मिळालं. गॉसच्या रोजनिशीत त्याची आणखी एक आठवण आहे. गॉसच्या पायांना फोड आले होते, उभं राहणंही मुश्कील झालं होतं. कामरान मात्र अनवाणी पायांनी मजेत फिरत होता. गॉसला त्याच्या पायांचा हेवा वाटला.

हा प्रसंग हल्ली मुसलमानांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अधूनमधून फिरतो. 'ऑस्ट्रेलिया आपल्या लोकांनी उभा केला' असं त्याखाली लिहिलेलं असतं. त्यात तथ्य आहे. पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं मला तिथे गेल्यावर दिसलं.

ॲलिस स्प्रिंग्जहून उलुरूला, म्हणजेच त्या 'एअर्स रॉक'ला, नेणारी एक दिवसाची सहल असते. अंतर एका बाजूने साडेचारशे किलोमीटर. अंधार असतानाच बस निघते आणि परतायला मध्यरात्र होते. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये सादादीन नावाचं उपनगर आहे. एका उंटवाल्याचंच ते नाव. शहर सुटलं की तांबडी माती, काटेरी स्पिनिफेक्स गवत आणि डेझर्ट ओकची झाडं सुरू होतात. वाटेत माउंट कॉनर लागतो. सपाट माथ्याचा हा डोंगर लांबून बघून निम्मी बस 'उलुरू, उलुरू' म्हणत कॅमेरे काढते. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वाळूची टेकडी चढून गेलं की खाली मिठाचं पांढरंशुभ्र सरोवर दिसतं.

कामरानचं महत्त्व ते मीठ बघून कळतं. गॉसच्या आदल्याच वर्षी, 1872मध्ये, अर्नेस्ट जाइल्स घोडे घेऊन इथवर आला होता. अमेडियस सरोवराच्या मिठाच्या चिखलात घोडे रुतू लागले आणि त्याला मागे फिरावं लागलं. घोड्याला रोज पाणी लागतं, उंट अनेक दिवस पाण्यावाचून चालतो. म्हणून उंट आणले गेले, आणि उंट ज्यांचं ऐकतो ती माणसंही. 1866मध्ये थॉमस एल्डर या उद्योजकाने कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांच्याबरोबर उंटवाले आणवले. पुढच्या पन्नास वर्षांत दोन ते चार हजार माणसं आली असावीत. गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हटलं. प्रत्यक्षात त्यांत पठाण होते तसे बलुची, सिंधी, पंजाबीही होते. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होतं हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यातले कित्येक जण आपल्याच इलाख्याच्या बंदरातून जहाजात चढले.

या माणसांनी टेलिग्राफच्या ठाण्यांना रसद पुरवली, खाणींचं सामान आणि लोकर वाहिली, रेल्वेच्या कामावर माल पोहोचवला. ॲडलेड ते डार्विन धावणारी 'द घान' ही गाडी त्यांचंच नाव मिरवते. मरीला त्यांनी मातीची साधी मशीद बांधली. ॲडलेडची दगडी मशीद 1880च्या दशकाच्या अखेरीला उभी राहिली आणि आजही तिथे नमाज होते. या इतिहासाचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही.

पण ज्या वाळवंटातून हे तांडे गेले ते रिकामं नव्हतं. उलुरूच्या पायथ्याशी मुतिजुलू नावाचा डोह आहे. आमच्या सहलीचा सगळ्यात शांत तास तिथे गेला. अनंगू म्हणजे इथले मूळ मालक. त्यांची कुनिया या अजगर स्त्रीची आणि लिरू या विषारी सापाची कथा इथल्या कातळावर वाचायला मिळते. लिरूंनी कुनियाच्या भाच्याला मारलं, तिने त्याचा सूड घेतला. तिच्या वारांच्या खुणा म्हणजे कातळातल्या या उभ्या भेगा. अनंगू याला 'चुकुर्पा' म्हणतात. सृष्टीची उत्पत्ती, कायदा, नाती, पाणी कुठे मिळेल याची माहिती, हे सगळं त्या एका शब्दात येतं. जवळच्या गुहेत गेरू, राख आणि कोळशाने काढलेली चित्रं आहेत. मुलांना शिकवण्याचा तो फळाच होता. खडकाच्या काही बाजूंचे फोटो काढू नयेत अशा पाट्या आहेत. तिथल्या कथा ज्यांच्या त्यांनीच ऐकायच्या असतात. गाईडने कॅमेरे खाली ठेवायला सांगितले आणि सगळ्यांनी ते ऐकलं.

गॉसनेही गुहांमधल्या मुक्कामाच्या खुणा पाहिल्या होत्या आणि लिहूनही ठेवल्या होत्या. तरी त्याने खडकाला नवं नाव दिलंच. त्याच्याआधी हजारो वर्षं त्याला नाव होतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

वाळवंटात पाणवठा म्हणजे जीव. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. एका कुटुंबाला महिनोन्महिने पुरणारा झिरा तांड्याने एका मुक्कामात आटवला, तर त्या कुटुंबाने काय करायचं? पाणी शोधण्यासाठी माणसांनाच पकडल्याच्या नोंदी आहेत. डेव्हिड कार्नेगीने 1896च्या मोहिमेत मूलनिवासींना धरून, खारं मांस खायला घालून, तहान असह्य झाली की पाण्याकडे न्यायला लावलं. हे त्याने स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आल्फ्रेड कॅनिंगने 1906मध्ये साखळ्या वापरल्या. त्याच्याच आचाऱ्याने तक्रार केली, 1908मध्ये शाही आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष सुटला. या दोन्ही मोहिमा उंटांच्या बळावर झाल्या होत्या. साखळी उंटवाल्यांनी घातली नाही. पण ती जिथे पोहोचली ती वाट उंटाच्या पायांनी पडली होती.

मग उंटवाले जेत्यांचे साथीदार होते का? गोऱ्या सरकारचं उत्तर कायद्यात आहे. 1902च्या मताधिकार कायद्याने काही अपवाद वगळता ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या 'मूळ रहिवाशांना' मतदार यादीबाहेर ठेवलं. कामरानचे आणि कुनियाचे वारस एकाच ओळीत, एकाच शब्दाखाली बाद झाले. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिकत्वाचं दारही बंद केलं. मरी गावात रेल्वेच्या एका बाजूला गोरे राहत, दुसऱ्या बाजूला अफगाण आणि मूलनिवासी. बायकामुलं मायदेशी राहिलेल्या अनेकांनी मूलनिवासी स्त्रियांशी संसार मांडले. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1905च्या कायद्यानुसार अशा लग्नाला सरकारी 'संरक्षका'ची लेखी परवानगी लागे. 1920च्या दशकात ट्रक आले आणि उंटांचं काम संपलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1925मध्ये उंटांच्या नाशाचा कायदाच केला. अनेकांनी आपले उंट मारण्याऐवजी वाळवंटात सोडून दिले. त्यांची पिल्लावळ आज मूलनिवासींचे पाणवठे तुडवते, ही या कथेची कडू बाजू.

दुपारी डोहापासून दूर, बसच्या सावलीत मी जुहरची नमाज पढलो. किबला तिथेही पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, आपल्याकडे असतो तसाच. पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची मुभा दीनने दिली आहे. उंटवाल्यांनी याच तांबड्या मातीवर किती वेळा हात टेकवले असतील! ही माती त्यांच्यासाठी पाक होती, आणि अनंगूंसाठी तर ती आधीपासूनच पवित्र होती.

26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने उलुरूची मालकी अनंगूंना परत दिली. त्यांनी ती जागा 99 वर्षांसाठी राष्ट्रीय उद्यानाला भाड्याने दिली. 'कृपया चढू नका' ही त्यांची विनंती होतीच, तरी पर्यटक 1960च्या दशकात ठोकलेल्या साखळीला धरून चढत राहिले. या चढाईत पस्तीसहून अधिक माणसं मेली. अखेर 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाई कायमची बंद झाली. साखळी काढली, पण लाखो पायांनी घासून पडलेला फिकट पट्टा खडकावर अजून दिसतो. त्या पट्ट्याची सुरुवात गॉसबरोबर कामराननेही केली, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्यांच्या श्रद्धेचा अपमान करू नका, ही शिकवण आपल्याला सूरह अनआममध्ये मिळाली आहे. तिचा अर्थ फक्त अपशब्द टाळणं एवढाच नसावा. दुसऱ्याच्या पवित्र जागेवरून आपण चालत गेलो असू, तर तेही आपल्या इतिहासात लिहावं लागेल.

भारतातही आपल्याकडे सतत योगदानाचा हिशेब मागितला जातो, आणि आपणही घाईघाईने याद्या पुढे करतो. याद्या जरूर कराव्यात. पण ज्या समाजाला स्वतःचं नाव नकाशावरून पुसलं जाण्याची भीती आहे, त्याने दुसऱ्यांची पुसली गेलेली नावं आधी उच्चारायला शिकावीत. कामरानचं नाव सांगताना त्या खडकाचं नाव एअर्स रॉक नव्हे, उलुरू आहे, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.