लोकल बोर्ड, भिवंडी तालुका
ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागाचा कारभार पाहणारी पूर्वीची स्थानिक स्वराज्य संस्था. मुंबई इलाख्यात १८६९ च्या अधिनियमाने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी घेण्यात येई; त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणाकडे व उरलेला रस्ते, विहिरी इ. कामांकडे जाई. १८८४ च्या अधिनियमान्वये जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली. काही सभासद निवडलेले, तर काही नेमलेले असत. तथापि प्रारंभी अध्यक्षपद सरकारी अधिकाऱ्याकडे असल्याने कर देणाऱ्या शेतकऱ्याचा खर्चावरील अधिकार मर्यादित राहिला. तालुका बोर्डे पुढे रद्द झाली. १ मे १९६२ पासून हे काम जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्याकडे आले. सभापती निवडलेला असला, तरी निधी मुख्यतः शासकीय अनुदानाचा असतो. त्यामुळे मूळ प्रश्न शिल्लकच आहे.