लघवीचा हिशेब

आमच्या घरात मरणाच्या गोष्टी हुरड्याच्या दिवसांत निघायच्या. आगटीभोवती थोरली माणसं बसली की निजामाच्या राजवटीत कोण कसं गेलं, याची उजळणी व्हायची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता आणि परभणी हैदराबाद संस्थानात. मोठं दुखणं म्हणजे पूर्णा गाठायची, तिथून गाडी बदलून हैदराबाद, आणि तिथला उस्मानिया दवाखाना. जाणारे थोडे, परत येणारे त्याहून थोडे.

त्यातल्या तीन गोष्टी मला पाठ आहेत. आजोबांच्या धाकट्या भावाला कापूस वेचताना परड चावली. परड म्हणजे घोणस. त्याला मारुतीच्या पारावर निजवलं, कडुनिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही असं म्हणून सगळे निर्धास्त झाले. तो सहाव्या दिवशी गेला. आजी सांगायची, “सुद्धीत व्हता की समदा. बोलत व्हता. पण मुतच बंद झालतं, अन् अंग सुजून आलतं.” दुसरी गोष्ट एका आत्याची. बाळंतपणात फार रक्त गेलं. सुइणीनं ते कसंबसं थांबवलं, बाई उठून बसली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तशीच सुजून गेली. तिसरी पटकीची. औंढ्याच्या जत्रेहून आलेल्या एका गड्याची हगवण थांबली, भाकरी मागू लागला, तरी तो वाचला नाही. तिथंही सांगणारा न विसरता म्हणायचा, “लघवी उतरलीच नाही.”

साप, बाळंतपण आणि पटकी यांचा एकमेकांशी काय संबंध, हे आगटीजवळ कुणी विचारलं नाही. खूण मात्र तिन्ही गोष्टींत म्हाताऱ्यांनी अचूक जपून ठेवली होती.

संबंध मूत्रपिंडाचा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा सतत या दोन मुठीएवढ्या अवयवांतून फिरतो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी तिथं गाळलं जातं आणि दीडएक लिटर लघवी होऊन बाहेर पडतं, बाकीचं परत घेतलं जातं. रक्तस्राव झाला किंवा हगवणीनं अंगातलं पाणी तुटलं, तर रक्तदाब पडतो आणि मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी मरतात. घोणशीचं विष तर रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतं आणि मूत्रपिंडावर थेट घावही घालतं. मग लघवी थांबते, पोटॅशियम साचतं आणि एक दिवस हृदय बंद पडतं. मनाला लागते ती पुढची गोष्ट: या पेशी बहुतेक वेळा पुन्हा उगवतात. दोन-तीन आठवडे माणूस तगला, तर मूत्रपिंड आपोआप कामाला लागू शकतं. आजोबांच्या भावाला तेवढे आठवडे कुणी देऊ शकलं नाही.

ते आठवडे देणारं यंत्र त्याच सुमारास जगात आलं होतं. नेदरलँड्समध्ये नाझींच्या अमलाखाली विलेम कोल्फ या डॉक्टरनं १९४३ साली लाकडी पिंपाला सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त धुवायला सुरुवात केली. नळी सॉसेजच्या वेष्टनाची होती. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली, तीही अशीच अचानक लघवी बंद झालेली.

भारतात मूत्रपिंडाच्या शास्त्राची, म्हणजे नेफ्रॉलॉजीची, पहिली पिढी घडली ती सार्वजनिक आणि मिशनच्या रुग्णालयांत. चंदीगडला डॉ. किरपालसिंग चुघ, आणि मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. विद्या आचार्य. देशातल्या पहिल्या स्त्री-नेफ्रॉलॉजिस्ट म्हणून आचार्यबाईंचं नाव घेतलं जातं. केईएमचा नेफ्रॉलॉजी विभाग त्यांनी सांभाळला आणि तिथंच विद्यार्थी शिकवले. याच केईएममध्ये मे १९६५ मध्ये मूत्रपिंडरोपणाचा देशातला पहिला प्रयत्न झाला होता. तो टिकला नाही, यश १९७१ साली वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात आलं. मे १९९४ मध्ये आचार्यबाईंनी देशातल्या रोपणाची स्थिती मांडणारा लेख लिहिला. मूत्रपिंडांच्या विक्रीचा बाजार तेव्हा ऐन भरात होता. त्याच वर्षी अवयवरोपणाचा कायदा संसदेत मंजूर झाला.

रोपणाच्या बातम्या होतात. पण आपल्याकडच्या या डॉक्टरांच्या वॉर्डातली जुनी गर्दी आगटीजवळच्या गोष्टींतलीच होती: हगवण, सर्पदंश, बाळंतपण आणि चोरून केलेला गर्भपात. १९७१ साली गर्भपाताचा कायदा आला, सलाइन गावोगाव पोचलं, दवाखान्यात बाळंत होणं रुळलं आणि ही गर्दी ओसरू लागली. सापावरची लस बनवणारी हाफकिन संस्था केईएमपासून हाकेच्या अंतरावर. ती लस आमच्या शिवारात वेळेवर पोचायला मात्र कितीतरी पावसाळे जावे लागले.

लशीच्या आधी पोचावा लागतो तो शिकलेला डॉक्टर. मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण टप्प्याटप्प्यानं जवळ आलं. १९५६ साली औरंगाबाद, सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, १९८८ साली नांदेड. माझा मामेभाऊ यांपैकीच एका ठिकाणी शिकला. त्याचे एक सर सकाळच्या राउंडला आधी खाटेखाली वाकून लघवीची पिशवी पाहत, मग रुग्णाचं तोंड. काल किती झाली, हे ज्या विद्यार्थ्याला सांगता येत नसे, त्याला पुढचा प्रश्न मिळत नसे. भाऊ पुढं गावाकडं प्रॅक्टिस करू लागला. परड चावलेला माणूस आला की लशीच्या जोडीनं तो नातेवाइकांच्या हाती मापाची बाटली देई आणि आकडा घसरला की वेळ न दवडता पुढं पाठवी.

आता चित्र बदललं आहे. गावात ‘किडन्या फेल’ म्हणतात ते बहुतेकदा साखर आणि बीपीमुळं, हळूहळू, वर्षानुवर्षं झालेलं असतं. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. असं मूत्रपिंड परत उगवत नाही. मग आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राला टेकायचं. जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ते मोफत मिळावं म्हणून २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, ही मोठीच सोय. पण डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची लघवी दहा वर्षांपूर्वी कुणी तपासली असती, तिच्यात प्रथिन जातंय हे सांगितलं असतं, तर ती खुर्ची बरीच वर्षं लांबली असती. ही तपासणी पट्टी बुडवून दोन मिनिटांत होते.

२०२४ साली हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिथून उस्मानिया गाठावं लागे, तिथंच आता १०० जागांवर डॉक्टर घडणार आहेत. त्यांतले नेफ्रॉलॉजिस्ट होतील एखाद-दोन. उरलेल्यांना खाटेखाली वाकायची सवय लावली, तरी जिल्ह्याचं मोठं काम होईल. शिकवणाऱ्यांनी एवढं करावं, आणि पहिल्याच वर्षी मुलांना एखाद्या गावच्या म्हाताऱ्यांजवळ बसवावं. रोगाचा इतिहास तिथं तोंडपाठ आहे. त्याचा अर्थ लावणारं माणूस तेवढं हवं.