दशावतार

दशावतार : सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जत्रांमध्ये रात्रभर रंगणारे विधिनाट्य, स्थानिक नाव ‘धयकालो’. ते कोकणात कोठून आले याविषयी एकमत नाही. कर्नाटकातील यक्षगानाशी त्याचे साम्य अनेकांनी दाखवले आहे. दशावतारी खेळाचा उल्लेख समर्थ रामदासांच्या दासबोधात आहे, म्हणजे 17व्या शतकात तो परिचित होता.

खेळाचे दोन भाग. पूर्वरंगात गणपती, ऋद्धि-सिद्धी आणि सरस्वती येतात. मग वेद पळवणारा, काळ्या वेशातला संकासूर. हा राक्षस भीती कमी घालतो, मालवणीतल्या थट्टेने हसवतो जास्त. विष्णू त्याचा वध करतो.

उत्तररंगात पुराणातले आख्यान. त्याला लिखित संहिता नसते. खेळाआधी कथानक ठरते आणि संवाद नट उभ्या-उभ्या रचतात, त्यामुळे हजरजबाबीपणा हीच इथली खरी परीक्षा. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. रंगमंचावर एखादे बाकडे असले तरी पुरे, तेच सिंहासन होते. गावकरी ज्याची वाट पाहतात ते युद्धनृत्य पखवाजावर चढत जाते.

पहाटे दहीहंडी फोडून काला वाटला, की खेळ संपतो.