यष्टींमागचे माधव मामा



या कार्यक्रमात आपण बचतीवर बोललो, बँकेच्या कर्जावर बोललो, लेकरांच्या आहारावर बोललो. आज आम्ही क्रिकेटचा विषय घेतला आहे. काही जणी म्हणतील, हा गड्यांचा खेळ, आपलं काय काम? काम आहे. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आपल्या चौसाळ्याच्या आसपास, सोलापूर-धुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, रानं मोकळी झाली की पोरांचा खेळ सुरू होतो. स्टंपच्या जागी तीन काठ्या नाहीतर दगडांची रास. बॅट कुणाला, बॉलिंग कुणाला, यावरून भांडणं. आणि या काठ्यांच्या मागे कोण उभं राहणार? ज्याची बॅट नाही, जो लहान आहे, जो भांडत नाही, तो. त्याला कीपर म्हणतात, म्हणजेच यष्टिरक्षक. ही जागा कुणी मागून घेत नाही.

आज आम्ही सांगणार आहोत अशाच एका यष्टिरक्षकाची गोष्ट. त्यांचं नाव माधव मंत्री. आपल्या बीड जिल्ह्यातही क्रिकेटपटू झाले. भारताकडून खेळलेले संजय बांगर यांचा जन्म बीडचा. आपल्या बीडचा सचिन धस २०२४ साली एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला, तेव्हा गावोगाव टीव्ही लागले होते. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. माधव मंत्र्यांचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकलं असेल. म्हणून ते सांगायचं.

आधी कीपरचं काम समजून घेऊ. फलंदाजाच्या मागे जमिनीत रोवलेले तीन दांडके, म्हणजे यष्टी. त्यांच्या मागे हातमोजे घालून कीपर बसतो. वेगाने टाकणारा असेल तर लांब, आणि फिरकी टाकणारा असेल तर अगदी यष्टींना चिकटून. प्रत्येक चेंडूला खाली बसायचं, चेंडू आला की उठायचं. दिवसाला ९० षटकं धरली तर ५४० चेंडू होतात. म्हणजे ५४० वेळा ऊठबस. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बायांना हे सांगावं लागणार नाही. दिवसभर वाकून कोयता चालवला की कंबर काय म्हणते, ते त्यांनाच ठाऊक.

फलंदाज पुढे सरसावला आणि त्याचा नेम चुकला, तर कीपरने चेंडू धरून पटकन यष्टींवरच्या बेल्स पाडायच्या. याला यष्टिचीत म्हणतात. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे करावं लागतं. बॅटला चाटून आलेला चेंडू धरला तर झेल. आणि चेंडू कीपरच्याही हातून निसटला, तर समोरच्यांना फुकटच्या धावा मिळतात. त्यांना ‘बाय’ म्हणतात आणि त्या धावफलकावर वेगळ्या लिहिल्या जातात.

आता यातली खोच पाहा. कीपरने दिवसभरात शेकडो चेंडू नीट अडवले, त्याची नोंद कुठेच होत नाही. चार धावा सुटल्या, तर त्या वहीत लिहिल्या जातात. वर्षभर भाकरी नीट झाली तर कुणी बोलत नाही, एक दिवस करपली की घरभर चर्चा. तसंच हे.

माधव कृष्णाजी मंत्री यांचा जन्म १ सप्टेंबर १९२१ चा, नाशिकचा. त्यांचं क्रिकेट मात्र मुंबईत वाढलं, दादर युनियन नावाच्या क्लबात. क्लब म्हणजे हौशी खेळाडूंचं मंडळ. खेळणारे लोक नोकरी करायचे, शिकायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर यायचे. दादर युनियनचं मैदान माटुंग्याला. त्यांची खरी चुरस शिवाजी पार्कच्या क्लबाशी. हे दोन संघ समोरासमोर आले की आसपासच्या चाळींतली माणसं मैदानाकडे निघायची.

मुंबईत १९४८ साली कांगा लीग नावाची स्पर्धा सुरू झाली. ती भर पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, चिखल, निसरडा चेंडू. कधी तो उसळतो, कधी जमिनीलगत सरपटत जातो. फलंदाजाचे हाल तर होतातच, पण यष्टींमागच्या माणसाची परीक्षा त्याहून मोठी. मुंबईच्या क्लबांतले खेळाडू अशा मैदानांवर घडले. ज्याने पावसात चेंडू अडवला, त्याला कोरड्या मैदानाचं भय राहत नाही.

दादर युनियनची ओळख होती शिस्तीची. वेळेवर येणं, कपडे पांढरे स्वच्छ असणं, पंचांनी बाद दिलं की तोंड न वाकडं करता परत जाणं. ती शिस्त पाळून घेणाऱ्यांमध्ये माधव मंत्री पुढे असत. आपल्या गटाचं कसं आहे? पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. ज्या गटाने ती पाळली तो दहा वर्षांनीही उभा आहे. ज्याने “आज जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू” म्हटलं, त्याचं पासबुक कुठे आहे हेही कुणाला सांगता येत नाही. क्लब काय आणि गट काय, दोन्ही चालतात सभासदांच्या वेळेवर.

मंत्री नुसते यष्टिरक्षक नव्हते, ते चांगले फलंदाजही होते. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात कधी झालेल्या नाहीत. त्या सामन्यात मंत्र्यांनी एकट्याने २०० धावा काढल्या. पुढे त्यांच्या कप्तानीत मुंबईने रणजी करंडकही जिंकला. प्रथम श्रेणीचे ९५ सामने ते खेळले आणि चार हजारांवर धावा केल्या.

इतकं असूनही भारताकडून त्यांना कसोटी सामने मिळाले फक्त ४. पहिला डिसेंबर १९५१ मध्ये मुंबईत, इंग्लंडविरुद्ध. त्या काळात यष्टींमागच्या एका जागेसाठी चढाओढ मोठी होती. पुण्याचे नाना जोशी होते, बंगालचे खोकन सेन होते, नंतर मुंबईचेच नरेन ताम्हाणे आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात विनू मांकडांच्या गोलंदाजीवर खोकन सेन यांनी पाच जणांना यष्टिचीत केलं. विजय मांकडांच्या नावावर नोंदला गेला, आणि तो योग्यच होता. पण ते पाच जण बाद व्हायला यष्टींमागे कुणीतरी जागं असावं लागलं.

त्याच वर्षी जून महिन्यात इंग्लंडमध्ये लीड्स इथे एक प्रसंग घडला, तो क्रिकेटच्या इतिहासात कायमचा लिहिला गेला. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर एकही धाव नसताना भारताचे चार गडी बाद झाले. शून्यावर चार! इंग्लंडचा फ्रेड ट्रूमन पहिलाच कसोटी सामना खेळत होता आणि त्याचा वेग झेपत नव्हता. बाद झालेल्या त्या चौघांत एक माधव मंत्री होते, शून्यावर त्रिफळाचीत.

मैत्रिणींनो, विचार करा. परका देश, मैदान भरलेलं, आणि आपली शून्यावर दांडी उडाली. पण कीपरला तोंड लपवून बसता येत नाही. इंग्लंडचा डाव सुरू झाला की पुन्हा मोजे चढवून यष्टींमागे बसायचंच. भारत तो सामना सात गड्यांनी हरला. पुढची कसोटी लॉर्ड्सवर होती. तिथेही मंत्री खेळले.

त्यांच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध आठवण मात्र घरातली आहे. माधव मंत्र्यांच्या बहिणीचं नाव मीनल. तिला जुलै १९४९ मध्ये मुलगा झाला. म्हणजे पुण्याच्या त्या २०० धावांनंतर चारच महिन्यांनी. तो मुलगा म्हणजे सुनील गावसकर. लहानपणी सुनील मामाकडे जायचा. मामाच्या कपाटात भारतीय संघाचं चिन्ह असलेले स्वेटर होते. भाच्याने हट्ट धरला, यातला एक मला दे. आता आपल्याकडे मामा म्हणजे काय असतो? लाड करणारा, नवे कपडे घेणारा. पण या मामाने नकार दिला. त्यांनी समजावलं की हा कपडा देता-घेता येत नाही, तो स्वतः खेळून कमवावा लागतो.

भाच्याने तो कमवला. १९७१ साली तो भारताकडून खेळला. कसोटीत ३४ शतकं केली आणि १९८७ मध्ये दहा हजार कसोटी धावा करणारा जगातला पहिला फलंदाज झाला. क्लब मात्र मामाचाच, दादर युनियन. गावसकरांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

खेळणं थांबल्यावरही मंत्री मैदानापासून लांब गेले नाहीत. ते संघ निवडणाऱ्या समितीत होते, मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले. त्याच दौऱ्यात सचिन तेंडुलकरने आपलं पहिलं कसोटी शतक केलं. आणि एक काम असं होतं, जे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. ते देशाच्या क्रिकेट मंडळाचे खजिनदार होते. ज्या माणसाने आयुष्यभर एकेक चेंडू अडवला, त्याच्या हाती हिशेबाची वही आली. २३ मे २०१४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले. तेव्हा हयात असलेल्या भारतीय कसोटीपटूंमध्ये ते सर्वांत ज्येष्ठ होते.

आता हे सगळं आपल्याला कशासाठी? आम्ही गावोगावच्या बैठकांना जातो तेव्हा एक गोष्ट दिसते. गटाचं कर्ज मंजूर झालं की फोटोत पुढे कोण असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण दर महिन्याला वही घेऊन बसणारी, कुणाचा हप्ता राहिला ते आठवण करून देणारी, पाच रुपयांचा मेळ लागेपर्यंत न उठणारी एक बाई असते. हिशेब जुळला तर तिला कुणी काही म्हणत नाही. एकदा चुकला की सगळ्या जणी तिच्याकडे बघतात. ती आपल्या गटाची कीपर आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. मंत्र्यांना क्लब होता, मैदान होतं, घरच्यांची परवानगी होती. आमच्या माहितीतल्या एका ताईंची लेक सातवीपर्यंत भावांबरोबर खेळायची आणि कीपिंग इतकं छान करायची की पोरं तिला बोलवायला घरी यायची. आठवीत गेल्यावर घरातून बंद झालं. “आता मोठी झालीस.” दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, ती आजीजवळ राहिली, धाकट्यांना सांभाळत. तिच्या हातात चेंडू पुन्हा आला नाही.

महाराष्ट्रात बायकांचं क्रिकेट काही काल सुरू झालेलं नाही. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली आपल्या पुण्यातच भरली. तेव्हा संघ होते फक्त तीन. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती आणि यष्टींमागे होती रिचा घोष. त्यांचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळून, रणजीत धावांचे ढीग घालून, त्यांना भारताकडून एकही सामना मिळाला नव्हता. तीन संघांपासून विश्वचषकापर्यंत यायला बावन्न वर्षं लागली. मधल्या काळात कुणीतरी मैदान दिलं, कुणीतरी बसभाडं दिलं, कुणीतरी आई म्हणाली, जा, खेळून ये.

म्हणून आमची दोन कामं आहेत, तुमच्यासाठी आणि आमच्यासाठीही. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर पहिला विषय हा घ्या: आपल्या गटाचा हिशेब कोण लिहिते आणि किती वर्षांपासून? तिचं नाव ठरावाच्या वहीत लिहा. नुसत्या टाळ्या वाजवून सोडू नका, तिच्याकडून अजून दोघी जणी हे काम शिकतील असं बघा, म्हणजे ओझं वाटून जाईल. दुसरं काम ग्रामसंघाचं. शाळेच्या मैदानावर आठवड्यातला एक दिवस, संध्याकाळचे दोन तास, फक्त मुलींसाठी मागायचे. महिला ग्रामसभेत विषय मांडायचा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायचा. दोन-तीन आयांनी आळीपाळीने तिथे बसायचं, म्हणजे घरच्यांनाही काळजी नाही.

चेंडू टेनिसचा चालेल, यष्टी काठ्यांच्या चालतील. आणि त्यांच्या मागे कोण उभी राहणार, हे ठरवताना सगळ्यांत लहान आणि गप्प मुलीला ढकलू नका. जिची नजर चेंडूवरून हलत नाही, तिला ती जागा द्या.